गोळेवाल्यांची राजश्री

“तू बोलायचंच न्हाय. वकीलसाहेब बोलतील. तू फकस्त व्हय म्हणायचं,” थोरला भाऊ महिपती म्हणाला आणि त्यानं मोबाईल ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला.

“कशाला व्हय म्हणायचं?”

“सुयशनं दिलं म्हणून. मालिश करताना, तुला न सांगता. गोळी म्हण, सुई म्हण, पावडर म्हण. काय म्हणायचं त्ये साहेब बघतील.”

राजश्री भाकरी थापत होती. तिचा पंजा मोठा, त्यामुळं भाकरीही परातीच्या काठाला जाऊन टेकायची. एरवी मधला भाऊ माऊली त्यावरून बोलल्याशिवाय राहायचा नाही. “आमच्याकडं एका भाकरीत पंगत उठती,” असं तो पाहुण्यांना सांगायचा. आज तो उंबऱ्यावर गप्प बसून होता.

“त्यानं दिलं का न्हाय, मला ठावं न्हाय,” ती म्हणाली.

“मग कुणी दिलं? देवानं दिलं?”

आई म्हाळसाबाई देवघरापुढं वाती वळत बसल्या होत्या. “देवाचं नाव नगं रे घेऊ,” त्या हळूच म्हणाल्या आणि हातातली वळून झालेली वात उलगडून पुन्हा वळायला लागल्या.

वकिलांचा फोन लागला नाही. महिपतीनं मोबाईल खिशात घातला. “सोमवार शेवटचा दिवस हाय,” तो म्हणाला, “ध्यानात ठेव. चार वर्सं म्हंजी तू बत्तीस वर्साची हुशील. मग गोळा कुणाच्या अंगणात टाकणार?”

दिल्लीहून निकाल आला तेव्हा आषाढ संपत आला होता. जूनमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत राजश्रीला गोळाफेकीचं रौप्यपदक मिळालं आणि त्याच दुपारी तिच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात बंदी असलेलं औषध सापडलं. दुसऱ्या कुणी तिच्या नकळत दिलं असं दाखवता आलं तर शिक्षा कमी होईल, नाही तर चार वर्षं मैदान बंद, असं बारामतीच्या वकिलांनी सांगितलं होतं. औषध तर सापडलं होतं, पण ते अंगात शिरलं कधी हे तिलाच माहीत नव्हतं. घराबाहेरचं ती चहासुद्धा विचारून प्यायची. सर्दी झाली तरी तुळशीचा काढा.

नरसिंहपुराच्या अलीकडं, नीरेच्या काठानं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. गावात त्या घराला गोळेवाले म्हणतात. वडील कुंडलिकराव, घरातले अण्णा, पोलिसात होते आणि गोळा टाकायचे. परसात सिमेंटचं वर्तुळ त्यांनी स्वतःच्या हातानं ओतलं होतं. त्यांच्यामागं महिपतीनं थाळी धरली, माऊलीनं भाला धरला आणि धाकट्या राजश्रीच्या वाट्याला वडिलांचा गोळा आला. या घराच्या गोष्टी गावाला पाठ होत्या. महिपतीची थाळी सोलापूरच्या मैदानात अशी गेली, की पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी तिथंच आपली मुलगी देऊन टाकली, ही पहिली गोष्ट. माऊलीनं साताऱ्याची कबड्डी खेळणारी मुलगी न सांगता करून आणली, दोन दिवस घरात चूल पेटली नाही आणि तिसऱ्या दिवशी नव्या सुनेनंच ती पेटवली, ही दुसरी. आता दोघंही नोकरीच्या गावी संसार थाटून होते आणि या निकालापायी रजा टाकून आले होते. पारावरची मंडळी म्हणायची, “आता राजीची गोष्ट तेवढी यायची राहिलीया.”

ती गोष्ट सुरू झाली होती, पण पारावर सांगण्यासारखी नव्हती.

सुयश बारामतीच्या एका खाजगी केंद्रात फिजिओ होता. इंदापूरचा. वडील साहेबराव बँकेतून निवृत्त झालेले, बहीण मोनाली नर्स, बौद्ध कुटुंब, शिकलेलं, सरळ. राजश्रीचा खांदा दुखावला तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडं गेली, आणि खांदा बरा झाल्यावरही जात राहिली. तो मोजून बोलायचा. व्यायाम घेताना आकडे मोठ्यानं म्हणायचा आणि शेवटचा आकडा मुद्दाम दोनदा म्हणायचा, म्हणजे तिला एक जास्त करावा लागे. तिच्या उपासांवरून मात्र त्यांचं बिनसायचं. “शनिवार धर, एकादशी धर, पण सरावाच्या दिवशी निर्जळी नको, राजे,” तो सांगायचा. आणि तिचा उपास असला की स्वतःचा डबा उघडायचा नाही. “तू उपाशी आणि मी तुझ्यासमोर भजी खाऊ? मला नाही जमत.” यापलीकडं दोघांत काही बोलणं झालं नव्हतं. जे होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

घरातही दिसत होतं. वाईट कुणी बोललं नाही. “हात चांगला हाय पोराचा,” आई म्हणायची आणि तिथंच थांबायची. सुयशचं नाव निघालं की सगळे असेच थांबायचे. माऊलीची बायको साताऱ्याची होती, पण आपल्यातली होती. हेही कुणी बोललं नव्हतं.

निकाल आला आणि थांबलेले सगळे एकदम बोलायला लागले. दोघं भाऊ आठवडाभर बारामतीला जाऊन-येऊन होते. “त्याला बोटसुदिक लावलं न्हाय,” महिपतीनं येऊन सांगितलं. त्यानंतर सुयशचा फोन बंद झाला. केंद्रावर विचारलं तर तो येत नाही म्हणाले. राजश्रीला झोप लागेना. आपल्या भावांचे दंड तिला माहीत होते.

शुक्रवारी तिनं मोनालीला फोन लावला.

“आता आठवण झाली व्हय, वैनी?” मोनाली म्हणाली. वहिनी हा शब्द ती पूर्वी लाडानं वापरायची. आज तो दगडासारखा आला.

“मोनाली, तो बरा हाय का, एवढंच सांग.”

पलीकडं कुणीतरी कण्हत होतं, वॉर्डातलं असावं. मग मोनाली म्हणाली, “लोणी देवकरला हाय. कंपनीत. गेटावर उभी ऱ्हा, आत सोडत न्हाईत. आणि भावांना संगट नेऊ नको, बाई. माझ्या आबांना त्रास झाला तेवढा बास.”

आईला “इंदापूरला जाऊन येते” म्हणून ती निघाली. इंदापुरात गाडी बदलली. लोणीच्या फाट्यावर उतरली तेव्हा ऊन भाजत होतं. श्रावण होता, पण पाऊस लांबला होता. गेटावरच्या रखवालदारानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “पोलिसात हाय का तुमी?” त्यानं विचारलं. तिला याची सवय होती. नाही म्हणून ती टपरीच्या सावलीत उभी राहिली.

जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला. निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. बरा होता. हातपाय धड होते. मग तिचं लक्ष त्याच्या बोटांकडं गेलं. नखांत काळं तेल बसलं होतं. पेशंटला हात लावण्याआधी तो कोपरापर्यंत हात धुवायचा.

“चहा घेशील?” त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दोन सांगितले. “खांदा कसा आहे?”

“बरा हाय. टाकतच न्हाय ना काय.”

“टाकत नसलीस तरी शेकत जा.”

“भावांनी काय केलं तुला?”

“काही नाही केलं.” तो थोडा हसला. “बसले. केंद्रात बाहेर खुर्च्या आहेत ना, तिथं रोज येऊन बसायचे. तुझे भाऊ बसले की दुसऱ्याला जागा कुठं राहते? पेशंट दारातनं परत जायला लागले. मग मालकच म्हणाले, थोडे दिवस येऊ नकोस. मी तरी दुसरं काय म्हणालो असतो त्यांच्या जागी?”

चहा आला. तिनं ग्लास हातात धरून ठेवला. गाडीत ती सगळं ठरवून आली होती. कसं विचारायचं, आधी काय म्हणायचं, मग काय. पण तिला गोल गोल बोलता येत नव्हतं.

“सुयश, तू मला कायतरी दिलं होतंस का? न सांगता?”

त्यानं ग्लास बाकावर ठेवला.

“हे तू विचारतेस का घरचे?”

“मी.”

“तुला काय वाटतं?”

तेव्हा तिनं बोलायला हवं होतं. हायवेवरून ऊस नेणारा एक रिकामा ट्रक धडधडत गेला आणि तो जाईपर्यंत तिनं वाट पाहिली. मग म्हणाली, “मला कायच कळंना झालंय.”

“बरं,” तो म्हणाला. खाली बघून त्यानं नखातलं तेल दुसऱ्या नखानं काढायचा प्रयत्न केला. ते निघालं नाही. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज केंद्रातल्यासारखा झाला होता, सगळ्या पेशंटशी असायचा तसा. “वैशाखात, नरसिंह जयंतीनंतर तू आलीस, तेव्हा तुला नीट बसता येत नव्हतं. उजव्या बाजूला, कमरेखाली. तपासलं तर आत गाठ लागली. तू म्हणालीस, वर्तुळात घसरून पडले.”

“पडलेच होते.”

“पडून तशी गाठ येत नाही. तेलातली सुई खोल दिली की येते. मी तेव्हा बोललो नाही. वाटलं, तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील.”

“मला कुणी सुई...” ती म्हणायला गेली आणि थांबली. “सलाईन लावलं होतं. गावातल्या डॉक्टरकाकांकडं. जयंतीचा निर्जळी उपास होता, त्यात मी सकाळी सराव केला. संध्याकाळी देवाला जाताना चक्कर येऊन पडले. आई घेऊन गेली. मला धड शुद्ध नव्हती.”

“मला नाही सांगितलंस.”

“तू ओरडला असतास.”

“ओरडलो असतो,” तो म्हणाला. मग उठला. “सलाईन हाताला लावतात, राजश्री. त्यानं कमरेखाली गाठ येत नाही. आधी घरी विचार.”

आत भोंगा वाजला. तो गेटातून आत गेला, इतर निळ्या शर्टांत मिसळला. परतीच्या गाडीत बसल्यावर तिच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. तो तिला राजे म्हणाला नव्हता. आणि ‘मी दिलं नाही’ हे त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं. ते त्याला म्हणायला लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा असणार.

दुसऱ्या दिवशी श्रावणी शनिवार. त्यांच्या घरी या दिवशी भिंतीवर नरसिंह काढतात. देवघराशेजारची भिंत सारवून घेतलेली असते. हळद आणि उगाळलेलं चंदन, एवढ्यावरच मूर्ती उभी राहते. तिळाच्या तेलाचा दिवा, तांबडी फुलं, खिचडी आणि कुंजराची पालेभाजी. म्हाळसाबाई लग्न होऊन आल्यापासून हे करत होत्या. बाळंतपणातले शनिवार सोडले तर एकही चुकला नव्हता. रेषा काढताना त्या बोलत नसत. आधी खांब, मग खांबातून निघालेली आयाळ, मग मांडी. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे लिहिले की देव आला. मग नमस्कार करायचा.

राजश्री सहाणेवर चंदन उगाळत होती. भाऊ परसात होते.

“आई,” ती म्हणाली, “जयंतीदिवशी मला सुई कुठं दिली?”

“हाताला. सलाईन लावलं न्हवं?”

“त्ये न्हवं. दुसरी.”

म्हाळसाबाईंचं बोट आयाळीवर होतं. ते तिथंच राहिलं. हळद वाळायला लागली.

“मला देत्यात तीच,” त्या म्हणाल्या. “गुडघ्याला देत्यात ती. ताकदीची. काका म्हणले, नुसत्या सलाईननं भागंल. मीच म्हणलं, पोरगी स्पर्धेला जायाचीया, उभी ऱ्हायला पायजे, मला देताव ती द्या. तू डोळं मिटून पडली हुतीस. घोड्यावानी पोरगी, आणि हात असा गार पडला हुता. मी घाबरले गं.”

राजश्रीनं सहाण बाजूला ठेवली. आईवर राग येईल असं तिला वाटलं होतं. तो आला नाही. वैशाखातली ती संध्याकाळ आणि आपला गार हात आईच्या हातात, एवढंच डोळ्यांपुढं आलं.

“मग निकाल आला तवा का बोलली न्हाईस?”

“त्ये विंग्रजी नाव मला काय कळतंय? मग महिपती म्हणला, गोळी न्हायतर सुई. तवा माझ्या काळजात लक्कन झालं.”

“तवा तरी बोलायचं.”

“बोलणार हुते.” म्हाळसाबाईंनी पदरानं बोट पुसलं. “तवर त्या पोराचं नाव निघालं. मला वाटलं, नरसिंहानंच वाट काढली. तू सुटशील. त्यो जाईल आपल्या वाटंनं. आणि मला तुला न्हाय म्हणावं लागणार न्हाय.”

“देवाला कशाला मधी घेतीस, आई?”

म्हाळसाबाईंनी मांडी काढली, मांडीवरचा दैत्य काढला, हातांची नखं काढली. डोळ्यांपाशी आल्या. चंदनात बुडवलेली काडी हातात घेऊन त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. काडी भिंतीला लागेना. दोनदा हात वर गेला आणि खाली आला. चुलीवर खिचडी निवत होती. नैवेद्याचं ताट वाढून ठेवलेलं, वरून केळीचं पान झाकलेलं. महिपतीनं दोनदा आत डोकावून पाहिलं.

“आटपलं का? भूक लागलीया.”

“बस हितं,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “माऊलीला हाक मार.”

दोघं पाटावर बसले. म्हाळसाबाई भिंतीकडं तोंड करूनच बोलल्या. चार वाक्यांत सांगून झालं. माऊलीनं मान खाली घातली. महिपती मात्र उठून उभा राहिला.

“आई, तुला कळतंय का काय बोलतीस? आता हे वकिलाला सांगायचं? काकांचं नाव द्यायचं? आक्ख्या गावाला त्यांनी औषध दिलंय, पाक आपल्या अण्णांपासनं. आणि गाव काय म्हणंल? गोळेवाल्यांच्या आईनं सुई टोचून पदक आणलं!”

“म्हणू दे.”

“मी म्हणतो, कुणाचंच नाव नगं. त्या पोराचं बी नगं, तुझं बी नगं. काय ठावं न्हाय म्हणून लिहून द्यायचं.”

“मंग चार वर्सं,” राजश्री म्हणाली.

“चार तर चार! घराची लाज तरी ऱ्हाईल.”

“आणि सुयशची?”

महिपती तिच्याकडं बघत राहिला. मग नजर काढून घेतली. “दादा,” माऊली उंबऱ्याकडं बघत म्हणाला, “दोन खुर्च्या आपण अडवल्या हुत्या. त्या आपल्यालाच सोडायला लागतील.”

महिपती परसात जाऊन सिमेंटच्या वर्तुळावर बसला. बराच वेळ त्याची पाठ दिसत होती. मग तो आत आला आणि पाटावर बसला. “वाढ,” म्हणाला, “सोमवारी मी जातो बारामतीला. त्या मालकाशी बोलतो.”

तेव्हा म्हाळसाबाईंनी डोळे लिहिले. डावा डोळा जरा मोठा झाला. सगळ्यांनी नमस्कार केला.

रविवारी सकाळी वकिलांशी बोलणं झालं. म्हाळसाबाईंनी स्वतः सांगितलं. ओरडून, कारण मोबाईलमध्ये ओरडूनच बोलायचं असतं अशी त्यांची समजूत होती. वकिलांनी सगळं लिहून घेतलं. “शिक्षा कमी होईल,” ते म्हणाले, “पण टळणार नाही. सुईची चौकशी करणं खेळाडूचं काम असतं, असंच ते धरतात. दोन वर्षं तरी जातील.”

“जाऊ द्या,” राजश्री म्हणाली.

मग म्हाळसाबाई पेटीतलं धडसं लुगडं नेसल्या. “चल,” म्हणाल्या, “कुठं हाय त्यो, तितं ने मला.”

“माघारी यायला उशीर हुईल, आई. तुझे गुडघे.”

“गुडघ्यांनीच घोळ घातलाय सगळा. त्यांस्नी चालू दे जरा.”

रविवार असला तरी त्या कंपनीला सुट्टी नव्हती. सकाळची पाळी सुटायच्या वेळेला दोघी गेटासमोर उभ्या राहिल्या. म्हाळसाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता. भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडायला लागली, डबे हलवत, हसत, मोटारसायकली काढत. सुयश दोघांबरोबर बोलत येत होता. त्यानं त्यांना पाहिलं आणि त्याची पावलं हळू झाली.

राजश्रीला वाटलं होतं, आई त्याला बाजूला बोलावेल. म्हाळसाबाईंनी बोलावलं नाही. त्या तिथूनच, मोबाईलमध्ये बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, “बाळा, सुई मी दिली. डॉक्टरला मीच सांगितलं. तुझा काय बी दोष न्हवता. आमी तुझं नाव घेतलं, त्ये खोटं हुतं.”

चालणारे थांबले. रखवालदार खुर्चीतून उठला. सुयशच्या बरोबरच्या एकानं विचारलं, “कोण रे हे?” सुयश पुढं आला. म्हाळसाबाई हात जोडायला लागल्या तसे त्यानं ते वरच्यावर धरले.

“आई, उन्हात उभ्या राहू नका. इकडं सावलीत या.”

“माझं ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं.”

“तुझ्या वडलांच्या घरी बी जाऊन सांगणार हाय मी. आणि तू बारामतीला माघारी जा. महिपती जातोय उद्या मालकाकडं.”

टपरीवाल्यानं न सांगता पाणी आणून दिलं. सुयशनं तो तांब्या म्हाळसाबाईंच्या हातात दिला आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, “बारामतीत आता नको, आई. सांगलीला दवाखान्यात काम मिळालंय. पुढच्या आठवड्यात जातोय. आबा आणि मोनालीही म्हणाले, जा.”

म्हाळसाबाईंनी मुलीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. या वेळी त्या थांबल्या नाहीत. “आणि हिचं?” त्यांनी विचारलं.

सुयशनं पहिल्यांदा राजश्रीकडं नीट पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला काही बोलता आलं असतं. एखाद्या जुन्या पेशंटची हालचाल आता बरी आहे ना, असं पाहतात तसं त्यानं पाहिलं.

“सुयश,” ती म्हणाली, “मी त्या दिवशी...”

“राहू दे. खरं तेच बोललीस. तुला कळत नव्हतं.” तो फाट्याकडं बघत म्हणाला. “मला वाटायचं, तुला कळतंय. चला, इंदापूरची गाडी यायची वेळ झाली. ही चुकली तर दिवेलागण होईल तुम्हाला.”

तिघं फाट्यापर्यंत चालत गेले. म्हाळसाबाई मध्ये, दोघं दोन बाजूंना. एका शेडमधून बिस्किटाचा गोड वास येत होता. गाडी आली ती भरलेली. पायरी उंच होती. सुयशनं म्हाळसाबाईंच्या कोपराखाली हात धरला. “आधी उजवा पाय. बरा आहे तो. आता दांडा धरा. घाई नाही. कंडक्टर थांबतील,” तो सांगत गेला, आणि त्या चढल्या. आतल्या एका बाईनं सरकून त्यांना जागा दिली.

मग राजश्रीची पाळी आली. तिला वाट द्यायला तो एक पाऊल मागं सरला. एवढ्या अंगाच्या, एवढ्या ताकदीच्या बाईला कुणी हात द्यावा, असं आजवर कुठल्या गाडीच्या पायरीशी कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिनं दोन्ही बाजूंचे दांडे धरले आणि स्वतःला वर ओढून घेतलं.